ग्वाटेमाला १९५४: अमेरिकेच्या गुप्त कारवाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेनं शेजारच्या देशांतली सरकारं पाडली, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की कुठलं सरकार, कसं आणि पुढे काय झालं, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून इथे एकाच देशाची गोष्ट घेतली आहे. क्युबा आणि निकाराग्वा ओघात येतील, पण मुक्काम ग्वाटेमालात. कारण साधं आहे. या कारवाईची सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या कपाटातली कागदपत्रं बऱ्याच प्रमाणात बाहेर आली आहेत, त्यामुळे तर्कवितर्कांवर फार विसंबावं लागत नाही.

थोडक्यात सांगायचं तर काय घडलं?

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात १९४४ साली लोकांनी आणि तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी मिळून जुनी हुकूमशाही उलथवली. त्यानंतर दोन अध्यक्ष निवडून आले: आधी हुआन होसे आरेवालो, मग १९५१ मध्ये पदावर आलेले हाकोबो आर्बेन्झ. आर्बेन्झ यांनी पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली. या जमिनींचा मोठा हिस्सा युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीच्या मालकीचा होता. जून १९५४ मध्ये सीआयएनं उभ्या केलेल्या एका छोट्या फौजेनं होंडुरासमधून सीमा ओलांडली आणि नऊ दिवसांत आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. १९६० मध्ये देशात यादवी पेटली. ती छत्तीस वर्षं चालली आणि तिच्यात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली.

देश केवढा आहे?

महाराष्ट्राच्या साधारण एक-तृतीयांश. १९५० च्या सुमारास लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती आणि त्यातला फार मोठा भाग माया वंशाच्या आदिवासी शेतकऱ्यांचा होता.

जमिनीचा कायदा इतका जहाल होता का?

नव्हता. जून १९५२ मध्ये मंजूर झालेला हा कायदा 'डिक्री ९००' या नावानं ओळखला जातो. त्या वेळी देशातली सुमारे ७२ टक्के शेतजमीन अवघ्या २ टक्के मालकांकडे होती. कायद्यानं हात घातला तो मोठ्या मळ्यांच्या पडीक जमिनीला. ९० हेक्टरांपर्यंतची शेती पूर्णपणे वगळली होती आणि त्याहून मोठी असली तरी कसलेली जमीन सुरक्षित होती. घेतलेल्या जमिनीचा मोबदला तीन टक्के व्याजाच्या, पंचवीस वर्षं मुदतीच्या सरकारी रोख्यांत मिळणार होता. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ऐकत वाढलेल्या आणि पुढे सीलिंगचा कायदा पाहिलेल्या आपल्या वाचकाला यात क्रांतिकारक असं काही दिसणार नाही. आर्बेन्झ यांनी स्वतःच्याही सतराशे एकर जमिनीवर पाणी सोडलं. अठरा महिन्यांत सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली.

मेख मोबदल्याच्या दरात होती. मालकानं करासाठी स्वतःच जाहीर केलेली किंमत हाच मोबदल्याचा आधार धरला गेला. युनायटेड फ्रूटनं वर्षानुवर्षं कर वाचवण्यासाठी आपल्या जमिनीची किंमत मातीमोल दाखवलेली होती. सरकारनं तोच आकडा उचलला आणि २,०९,८४२ एकरांसाठी ६,२७,५७२ डॉलर देऊ केले, म्हणजे एकरी तीन डॉलरही नाहीत. एप्रिल १९५४ मध्ये कंपनीच्या वतीनं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मागणी केली ती १,५८,५४,८४९ डॉलरची, एकरी पंचाहत्तर डॉलरच्या हिशोबानं. एका खासगी कंपनीचं बिल घेऊन परराष्ट्र खातं दुसऱ्या देशाच्या दारात उभं राहतं, हेच त्या काळच्या नात्याचं पुरेसं वर्णन आहे.

म्हणजे हे सगळं केळ्यांसाठी झालं?

सगळं नाही. कंपनीचं वजन प्रचंड होतं, यात शंका नाही. साडेपाच लाख एकर जमीन तिच्याकडे होती आणि त्यातली सुमारे ८५ टक्के पडीक. देशाची मुख्य रेल्वे तिच्या ताब्यात, अटलांटिक किनाऱ्यावरचं प्वेर्तो बारियोस हे बंदर तिच्या ताब्यात. स्थानिक लोक तिला 'एल पुल्पो' म्हणजे ऑक्टोपस म्हणायचे. वॉशिंग्टनमधल्या ओळखीही तशाच. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली फर्ममध्ये भागीदार होते, तिनं युनायटेड फ्रूटची कामं केलेली होती. त्यांचे सख्खे भाऊ अॅलन डलेस सीआयएचे प्रमुख होते. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या खासगी सचिव अॅन व्हिटमन यांचे पती कंपनीचं जनसंपर्काचं काम पाहत. त्यात भर म्हणून एडवर्ड बर्नेज हा जाहिरातविद्येतला मुरलेला माणूस कंपनीनं पदरी ठेवला होता. तो अमेरिकी पत्रकारांना कंपनीच्या खर्चानं ग्वाटेमालात फिरवून आणायचा आणि परतल्यावर वर्तमानपत्रांत लाल धोक्याच्या बातम्या झळकायच्या.

हे इतकं चपखल बसतं की माणूस तिथेच थांबतो. पण माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे. शीतयुद्ध ऐन भरात होतं, कोरियातलं युद्ध नुकतंच थांबलं होतं आणि वॉशिंग्टनमधल्या लोकांना कम्युनिझमची भीती खरोखरच वाटत होती. कंपनीच्या मालकीची एक एकर जमीन नसती, तरी ही मंडळी आर्बेन्झ यांच्याकडे संशयानंच पाहत राहिली असती. कंपनीनं त्या संशयाला पत्ता मिळवून दिला.

आर्बेन्झ कम्युनिस्ट होते का?

अध्यक्ष असताना ते पक्षाचे सदस्य नव्हते. पण मनानं डावीकडे झुकलेले होते आणि कम्युनिस्ट नेते होसे मानुएल फोर्तुनी त्यांचे जवळचे मित्र होते. जमीन कायद्याच्या मसुद्यात फोर्तुनींचा हात होता. निर्वासित झाल्यावर, १९५७ मध्ये, आर्बेन्झ खरोखरच पक्षात गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. आर्बेन्झ यांची बाजू घेणारे काही लेखक ते लपवतात आणि मग समोरच्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

मात्र सरकार कम्युनिस्ट नव्हतं. संसदेत कम्युनिस्ट पक्षाचे चार सदस्य होते आणि मंत्रिमंडळात एकही नव्हता. लष्कर तर कडवं कम्युनिस्टविरोधी होतं, आणि पुढे घात झाला तो तिथेच. सत्तापालटानंतर सीआयएनं मॉस्कोचे धागेदोरे शोधायला खास पथक पाठवलं. 'पीबीहिस्टरी' असं त्या मोहिमेचं सांकेतिक नाव. दीड लाखाहून अधिक कागद गोळा केले. मॉस्को हे सरकार चालवतं, असं सिद्ध करणारं काहीही हाती लागलं नाही.

सीआयएनं नेमकं केलं काय?

पहिला प्रयत्न आयझेनहॉवर यांच्या आधीचे अध्यक्ष ट्रूमन यांच्या काळात, १९५२ मध्ये झाला. निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या मदतीनं बंडखोरांना शस्त्रं पोचवायची होती, पण बातमी फुटली आणि योजना गुंडाळली. ऑगस्ट १९५३ मध्ये इराणमध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांचं सरकार सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी मिळून पाडलं. त्याच महिन्यात आयझेनहॉवर प्रशासनानं ग्वाटेमालाच्या नव्या योजनेला होकार दिला. नाव 'पीबीसक्सेस', मंजूर रक्कम सुमारे २७ लाख डॉलर, मुख्यालय फ्लोरिडातल्या ओपा-लोका इथे.

नेता म्हणून कार्लोस कास्तियो आर्मास या निर्वासित कर्नलला पुढे केलं. त्याच्या फौजेत साधारण ४८० माणसं होती. एवढ्या माणसांच्या बळावर देश जिंकता येत नाही हे सीआयएलाही ठाऊक होतं. म्हणून खरा भर होता तो देशाच्या आणि विशेषतः लष्कराच्या मनावर.

१ मे १९५४ रोजी 'मुक्तीचा आवाज' नावाचं रेडिओ केंद्र सुरू झालं. आम्ही ग्वाटेमालाच्या जंगलात लपून बोलतोय, असं निवेदक सांगायचे. प्रत्यक्षात कार्यक्रम मायामीत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि शेजारच्या देशांतून प्रसारित व्हायचे. केंद्राची सूत्रं डेव्हिड अॅटली फिलिप्स या अधिकाऱ्याकडे होती. त्यानंच पुढे सांगितलेला एक किस्सा असा. ग्वाटेमालाच्या हवाई दलातला एक अधिकारी विमान घेऊन पळून आला. 'तुझ्या सहकाऱ्यांना फितूर व्हायचं आवाहन कर' म्हटल्यावर त्यानं घरच्यांच्या काळजीनं नकार दिला. मग त्याला दारू पाजली, 'समज, आवाहन केलं असतंस तर काय बोलला असतास?' असं विचारलं आणि तो रंगात येऊन जे बोलला ते गुपचूप टेप करून, कापून-जोडून हवेत सोडलं. आर्बेन्झ यांचा आपल्याच वैमानिकांवरचा विश्वास उडाला आणि त्यांनी विमानं जमिनीवरच ठेवली.

सीआयएची विमानं मात्र उडत होती, अमेरिकी वैमानिकांच्या हाती. नुकसान फार नाही, पण घबराट भरपूर. राजधानीतले लोक त्या विमानांना 'सुल्फातो' म्हणायचे. सुल्फातो म्हणजे जुलाबाचं औषध, बाकी समजून घ्या. २७ जूनला अशाच एका विमानानं सान होसे बंदरात 'स्प्रिंगफ्योर्ड' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. त्यात कॉफी आणि कापूस होता. मित्रदेशाचं जहाज बुडवल्याबद्दल पुढे भरपाई द्यावी लागली.

४८० माणसांनी देश जिंकला कसा?

जिंकला नाही, आणि ही गोष्ट फार जण विसरतात. रणांगणावर ही फौज जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोंडावर आपटली. ग्वालान या छोट्या गावात तीसेक सैनिकांच्या तुकडीनं सव्वाशेच्या आसपास हल्लेखोरांना छत्तीस तासांत पिटाळून लावलं. प्वेर्तो बारियोसवर चालून गेलेल्यांना तर पोलिसांनी आणि हत्यारं हाती घेतलेल्या गोदी कामगारांनीच पळवलं.

हरलं ते लष्कराचं मन. साकापा इथे तळ ठोकून बसलेले अधिकारी लढायलाच तयार नव्हते. या टोळीला हरवलं तर मागून अमेरिकी मरीन उतरतील, ही त्यांची भीती होती, आणि ती त्यांच्या मनात महिनोन्‌महिने पद्धतशीर पेरलेली होती. आर्बेन्झ यांनी लोकांना शस्त्रं वाटायचा विचार केला, लष्करानं साफ नकार दिला. २७ जूनच्या रात्री त्यांनी रेडिओवरून राजीनामा जाहीर केला.

चेक शस्त्रांची बोट आली होती हे खरं ना?

खरं. 'आल्फहेम' हे स्वीडिश जहाज पोलंडमधल्या बंदरातून चेकोस्लोव्हाकियानं विकलेली सुमारे दोन हजार टन शस्त्रं घेऊन १५ मे १९५४ रोजी प्वेर्तो बारियोसला लागलं. वॉशिंग्टनला हवा तो पुरावा मिळाला. मात्र अमेरिका कित्येक वर्षं ग्वाटेमालाला शस्त्रं विकत नव्हती आणि इतरांनाही विकू देत नव्हती. आलेला माल बराचसा दुसऱ्या महायुद्धातला जुना होता आणि त्याचे पैसे रोख मोजून घेतले होते. फुकट दिला असता तर मॉस्कोच्या मैत्रीबद्दल वेगळं काही म्हणता आलं असतं.

संयुक्त राष्ट्रांनी काय केलं?

ग्वाटेमालानं सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. २५ जूनला विषय चर्चेला घ्यायचा की नाही यावर मतदान झालं: बाजूनं चार, विरोधात पाच. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ राहिले. विषयपत्रिकेवरच प्रकरण संपलं.

सीआयएनं कोणाचे खून केले का?

१९९७ मध्ये खुल्या झालेल्या सुमारे १,४०० पानांमध्ये खुनांच्या याद्या तयार केल्याचे उल्लेख आहेत आणि खून कसा करावा याची एक मार्गदर्शिकाही आहे. याद्यांवरची नावं काळी करून टाकली आहेत. त्या याद्यांप्रमाणे १९५४ मध्ये कोणाला मारल्याचा पुरावा त्या कागदांत नाही. तयारी होती, एवढं ठामपणे म्हणता येतं.

नव्या सरकारनं काय केलं?

कास्तियो आर्मासनं सगळ्यात आधी जमीन कायदा मोडीत काढला. शेतकऱ्यांना मिळालेल्या जमिनी जवळजवळ सगळ्या परत घेतल्या गेल्या. निरक्षरांचा मताधिकार काढला, म्हणजे मतदारांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका फटक्यात बाहेर. 'कम्युनिझमविरोधी संरक्षण समिती' बसली आणि काही महिन्यांत तिच्या यादीत ७२ हजार नावं जमा झाली. यादीतल्या माणसाला वकिलाशिवाय डांबून ठेवता येत असे. ऑक्टोबरमध्ये सार्वमत झालं. मत तोंडी द्यायचं, तेही सैनिकांसमोर, आणि उमेदवार एकच. निकाल काय लागला ते सांगायला नको.

जुलै १९५७ मध्ये अध्यक्षीय प्रासादातच एका पहारेकऱ्यानं कास्तियो आर्मासला गोळ्या घातल्या.

आर्बेन्झ यांचं पुढे काय झालं?

दोन-अडीच महिने ते मेक्सिकोच्या वकिलातीत होते. देश सोडताना विमानतळावर सगळ्यांसमोर, छायाचित्रकारांच्या देखत, त्यांचे कपडे उतरवून झडती घेतली गेली. मेक्सिको, स्वित्झर्लंड, प्राग, मॉस्को, उरुग्वे, क्युबा असे ते भटकत राहिले. मुलगी आराबेलानं १९६५ मध्ये आत्महत्या केली. जानेवारी १९७१ मध्ये मेक्सिको सिटीत घरातल्या न्हाणीघरात ते मृतावस्थेत सापडले. अस्थी मायदेशी यायला १९९५ उजाडलं आणि सरकारी माफी यायला २०११. अध्यक्ष आल्वारो कोलोम यांनी राष्ट्राच्या वतीनं त्यांच्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली.

पुढच्या यादवीचं खापर १९५४ वर फोडणं अतिरेक नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. १९५४ आणि यादवीतल्या वंशसंहाराचं १९८२ यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षं आहेत, आणि त्या काळात जे निर्णय घेतले गेले ते ग्वाटेमालाच्याच सेनापतींनी आणि जमीनदारांनी घेतले. माया लोकांबद्दलचा तिरस्कार तर स्पॅनिश राजवटीपासूनचा आहे, तो काही फ्लोरिडाहून आलेला नाही.

तरीही दुवे स्पष्ट दिसतात. यादवीची ठिणगी १३ नोव्हेंबर १९६० च्या लष्करी बंडातून पडली. त्यात सामील झालेल्या तरुण अधिकाऱ्यांचा एक राग असा होता की क्युबावर हल्ला करण्यासाठी सीआयए आपल्या भूमीवर, रेतालुलेऊ भागात, माणसं तयार करते आणि आपलं सरकार मान डोलावतं. बंड फसलं, उरलेले अधिकारी डोंगरात गेले आणि पहिली गनिमी संघटना उभी राहिली.

दुसरा दुवा मार्च १९६६ चा. अमेरिकी सल्लागाराच्या मदतीनं घडवलेल्या एका विशेष पथकानं तीसेक डाव्या कार्यकर्त्यांना उचललं, त्यांचा छळ केला आणि त्यांना संपवलं. मृतदेह कधीच नातेवाइकांना मिळाले नाहीत. त्यांत व्हिक्तोर मानुएल गुतिएरेस होते, आर्बेन्झ काळातले कामगार पुढारी आणि डिक्री ९०० च्या शिल्पकारांपैकी एक. माणसाला 'बेपत्ता' करण्याची पद्धत लॅटिन अमेरिकेत पुढे घाऊक प्रमाणात वापरली गेली, तिच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रकरणांपैकी हे एक.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा परिणाम कागदोपत्री दाखवता येत नाही. मतपेटीतून, कायद्यानं, मोबदला देऊन जमीन वाटण्याचा जो रस्ता होता तो बंद झाला आणि तो बंद झाल्याचं सगळ्यांनी पाहिलं. जमीनदारांना कळलं की तडजोड करायची गरज नाही. डाव्या तरुणांना वाटलं की निवडणुका लढवणं हा भाबडेपणा आहे. मधला माणूसच उरला नाही. पुढच्या तीस वर्षांत जो कोणी मध्ये उभा राहायला गेला, मग तो प्राध्यापक असो, पाद्री असो की सहकारी संस्थेचा चिटणीस, त्याला दोन्ही बाजूंनी संशयानं पाहिलं आणि बहुतेकदा लष्करानं मारलं.

यादवीत किती माणसं गेली आणि मारलं कोणी?

१९९६ च्या शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सत्यशोधन आयोग बसला. त्याचा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक, असा त्याचा अंदाज. नोंदवलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी बाजूचे, म्हणजे लष्कर, पोलिस आणि त्यांनी उभारलेली गावरक्षक दलं यांचे, आणि ३ टक्के गनिमांचे. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया. लष्करानं केलेली सामूहिक हत्याकांडं ६२६. १९८१ ते १९८३ या काळात चार भागांत माया समूहांविरुद्ध वंशसंहाराची कृत्यं झाली, असा आयोगाचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

गनिमांचे हात स्वच्छ होते असं नाही. १९६८ मध्ये अमेरिकी राजदूत जॉन गॉर्डन मीन यांना त्यांनीच भर रस्त्यात मारलं. पण ९३ आणि ३ या आकड्यांपुढे 'दोन्ही बाजूंनी झालं' हे म्हणणं टिकत नाही.

अमेरिकेला हे माहीत होतं का?

दूतावास आणि सीआयएचे अहवाल वाचले तर माहीत होतं असंच दिसतं. ४ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन होंडुरासमध्ये ग्वाटेमालाचा लष्करशहा एफ्राइन रिओस मोन्त याला भेटले आणि या माणसावर उगाच ठपका ठेवला जातोय, असं पत्रकारांना म्हणाले. त्यानंतर तीन-चार दिवसांच्या आतच दोस एरेस या खेड्यात लष्कराच्या विशेष तुकडीनं दोनशेहून अधिक गावकरी मारले, लहान मुलांसकट.

रिओस मोन्तला मे २०१३ मध्ये वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांसाठी मिळून ऐंशी वर्षांची शिक्षा झाली. दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयानं ती रद्द केली. फेरसुनावणी संपण्याआधीच, २०१८ मध्ये, तो वारला.

क्युबाचा याच्याशी काय संबंध?

दोन्ही बाजूंनी ग्वाटेमालावरून धडा घेतला. १९५४ मध्ये एक तरुण अर्जेंटिनी डॉक्टर ग्वाटेमाला सिटीत काम शोधत फिरत होता. तो एर्नेस्तो गेवारा, नंतरचा चे. आर्बेन्झ यांनी जुनं लष्कर तसंच ठेवलं आणि लोकांना शस्त्रं दिली नाहीत, म्हणून ते बुडाले, असा त्यानं अर्थ काढला. क्युबात सत्ता आल्यावर जुन्या सैन्याचा निकाल लावायला त्यानं वेळ घालवला नाही.

सीआयएनं उलटा धडा घेतला. कारवाईनंतर आयझेनहॉवर यांनी विचारलं की आपली किती माणसं गेली, तेव्हा 'एक' असं उत्तर त्यांना दिलं गेलं. सीआयएच्याच नोंदींप्रमाणे आकडा किमान चार डझन होता. जी मोहीम थोडक्यात बचावली होती ती हुकमी विद्या म्हणून फाइलबंद झाली. एप्रिल १९६१ मध्ये त्यातल्याच कित्येक अधिकाऱ्यांनी तोच साचा क्युबावर वापरला: निर्वासितांची फौज, रेडिओ, रंग बदललेली विमानं. पिग्जच्या उपसागरात सुमारे चौदाशे माणसं उतरली आणि तीन दिवसांत खेळ संपला. ग्वाटेमालातलं यश इतकं स्वस्तात मिळालं नसतं, तर हा उद्योग कोणी मंजूर केला असता का, याची मला शंका आहे. पुढच्याच वर्षी क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली.

ग्वाटेमालाच्या मोहिमेतला हॉवर्ड हंट हा अधिकारी पुढे अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेटच्या घरफोडी प्रकरणात अडकला, हे जाता जाता.

कुठल्या न्यायालयात अमेरिकेला कधी जाब द्यावा लागला का?

ग्वाटेमालाबद्दल नाही. निकाराग्वाबद्दल मात्र हो. तिथे सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना शस्त्रं पुरवणं आणि १९८४ मध्ये बंदरांत सुरुंग पेरणं यावरून प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. २७ जून १९८६ रोजी निकाल अमेरिकेच्या विरोधात लागला. तारीख योगायोगानं आर्बेन्झ यांच्या राजीनाम्याचीच. न्यायालयाचे अध्यक्ष त्या वेळी भारताचे नगेंद्र सिंह होते. अमेरिकेनं निकाल मानला नाही आणि भरपाईही दिली नाही.

सोव्हिएत संघानं काय वेगळं केलं?

फारसं वेगळं नाही. हंगेरीत १९५६ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात १९६८ मध्ये त्यांनी रणगाडेच घातले. ते इथे मुख्य विषय नाहीत, एवढंच. एकाच्या पापानं दुसऱ्याचं धुतलं जात नाही, आणि ग्वाटेमालाच्या शेतकऱ्याला तर बुडापेस्टशी काही देणंघेणं नव्हतं.

युनायटेड फ्रूटला तरी फायदा झाला का?

गंमत म्हणजे फार नाही. जुलै १९५४ मध्ये, आर्बेन्झ जाऊन आठवडाही उलटला नसताना, अमेरिकेच्याच न्याय खात्यानं कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९७२ मध्ये तिनं ग्वाटेमालातला कारभार डेल मॉन्टेला विकला. आज 'चिकिता' हा जो केळ्यांवरचा निळा स्टिकर दिसतो, तो तिचाच वारसा.

अमेरिकेनं माफी मागितली का?

मार्च १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांनी ग्वाटेमाला सिटीत सांगितलं की दडपशाही करणाऱ्या लष्कराला आणि गुप्तचर यंत्रणांना पाठबळ देणं चूक होतं. हे यादवीबद्दल होतं. १९५४ च्या सत्तापालटाबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत.

आज तिथे काय परिस्थिती आहे?

जमिनीची वाटणी आजही कमालीची विषम आहे. यादवीच्या काळात लाखो माणसं घरदार सोडून पळाली. बरीच मेक्सिकोत गेली, काही पुढे अमेरिकेत. उत्तरेकडचा हा ओघ नंतर कधीच आटला नाही. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर रांगा लावणाऱ्यांत ग्वाटेमालाच्या माया पट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येनं असतात, आणि वॉशिंग्टनमध्ये दर निवडणुकीत 'ही माणसं येतात कुठून?' असा प्रश्न निरागसपणे विचारला जातो.

२००५ मध्ये राजधानीतल्या एका पडीक इमारतीत पोलिसांचं जुनं दप्तर सापडलं, सुमारे आठ कोटी पानं. बेपत्ता माणसांचे नातेवाईक त्यातून अजून नावं शोधतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये बेर्नार्दो आरेवालो अध्यक्ष म्हणून निवडून आले. ते पहिल्या लोकनियुक्त अध्यक्षाचे, हुआन होसे आरेवालो यांचे, चिरंजीव. जन्म वडिलांच्या विजनवासात, उरुग्वेतला. त्यांचा शपथविधी हाणून पाडायला सरकारी वकिलांनी जंग जंग पछाडलं, तेव्हा माया पंचायतींनी आठवडेच्या आठवडे रस्ते अडवून धरले. जानेवारी २०२४ मध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, शपथ झाली. यावेळी वॉशिंग्टननं निवडून आलेल्या माणसाची बाजू घेतली, हेही नोंदवायला हवं.

आपला या देशाशी काही संबंध येतो का?

वेलदोड्यातून येतो. वेलदोडा पिकवण्यात ग्वाटेमाला जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. मूळ लागवड भारतातलीच, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्यानं कोबान परिसरात नेलेली. तो सगळा आल्ता व्हेरापास प्रांत केक्ची माया लोकांचा. याच प्रांतातल्या पान्सोस गावात मे १९७८ मध्ये जमिनीचा हक्क मागायला आलेल्या केक्ची शेतकऱ्यांवर लष्करानं चौकात गोळीबार केला होता.

स्वतः वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

सीआयएचा इतिहास विभाग आणि अमेरिकेचं परराष्ट्र खातं या दोघांनीही कागद खुले केले आहेत आणि ते फुकट वाचता येतात. परराष्ट्र खात्यानं १९८३ मध्ये छापलेल्या अधिकृत दस्तऐवज-खंडात या कारवाईचा मागमूसही नव्हता. टीका झाल्यावर २००३ मध्ये फक्त ग्वाटेमालावर वेगळा खंड काढावा लागला. सुरुवात त्या दुसऱ्या खंडापासून करा. तारा आणि टिपणं तारखेनुसार लावलेली आहेत, इंग्रजी सरकारी पण सोपं आहे. सत्यशोधन आयोगाचा पूर्ण अहवाल स्पॅनिशमध्ये आहे, त्यातले निष्कर्ष आणि शिफारशी इंग्रजीत मिळतात.